४०९६ कुळकर्णी: एका पतसंस्थेच्या नावशोधातलं रिकर्शन

तालुक्याच्या गावातली जुनी पतसंस्था. सभासद काही हजार. पहिल्या नोंदी हाताने लिहिलेल्या, मधल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नंतर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) फिरवलेल्या, अलीकडच्या थेट मोबाइलवरून भरलेल्या. तक्रार एकच: "नाव सापडत नाही." वडील गेले म्हणून वारसनोंदीसाठी मुलगा शेअर सर्टिफिकेट घेऊन काउंटरवर येतो, कॉम्प्युटर म्हणतो असा सभासदच नाही, आणि काउंटरवरच्या ताई मागच्या कपाटातून रजिस्टर काढून त्याच नावावर बोट ठेवतात. "सर, हे बघा ना, आहे की! मग हे का दाखवत नाही?" काखेत कळसा अन् गावाला वळसा.

गैरसोय एवढीच असती तर चाललं असतं. पण नाव सापडलं नाही की घाईच्या वेळी नवीन सभासद क्रमांक उघडला जायचा. एकाच माणसाचे दोन क्रमांक, एकावर ठेव, दुसऱ्यावर कर्ज. लेखापरीक्षणात हे वर आलं तेव्हा शोध नीट करण्याचं काम आमच्याकडे आलं.

आधीचा शोध अक्षरशः जुळवणारा होता. टाइप केलेलं नाव आणि नोंदीतलं नाव तंतोतंत सारखं असेल तरच उत्तर. नावाचा एखादा तुकडा टाकून शोधायची सोय होती, पण 'कुळक' शोधलं तर 'कुलकर्णी' कुठून सापडणार? फरक नेमका त्या तुकड्यातच असतो.

दोन ढीग

कोड लिहायच्या आधी न जुळणाऱ्या नावांच्या जोड्या कागदावर काढल्या आणि त्यांचे दोन ढीग केले. हे वर्गीकरण पुढच्या सगळ्या कोडपेक्षा महत्त्वाचं ठरलं, असं माझं मत आहे.

पहिल्या ढिगात डोळ्याला अजिबात न दिसणारे फरक. 'गोऱ्हे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो: स्वतंत्र ऱ (युनिकोडमधलं स्थान ०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं पण स्वतः न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करण्याची रीत, चालवली तरी हे दोन एक होत नाहीत. 'ॲ'चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक नोंदींत 'अ' आणि वर चंद्र अशी जोडणी आहे. मग स्पेस, दिसली तरी नजरेतून सुटणारी: 'विष्णू पंत' की 'विष्णूपंत', दोन शब्दांत एक स्पेस की दोन.

दुसऱ्या ढिगात डोळ्याला दिसणारे फरक. सुनील–सुनिल, विष्णू–विष्णु, कुळकर्णी–कुलकर्णी, शिंदे–शिन्दे. यांतले बरेचसे आळसातून आलेले नाहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम आले, त्यानुसार व्यक्तिनावंही दीर्घान्त लिहायची. म्हणजे जुन्या रजिस्टरातला 'विष्णु' त्याच्या काळात बरोबर होता आणि आजच्या फॉर्मवरचा 'विष्णू' आज बरोबर आहे. कुलकर्णी आणि कुळकर्णी तर दोन्ही घराघरांत चालतात. कोणाला चुकीचं म्हणणार?

पहिल्या ढिगाला रिकर्शनची, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनची (कोडच्या तुकड्याची), गरज नाही. शोधायचं नाव आणि नोंदीतलं नाव, दोन्ही एकाच गाळणीतून काढायची: जॉइनरवाला र बदलून ऱ, अ-चंद्र बदलून ॲ, सगळ्या स्पेस काढून टाकायच्या. विषय संपला. नवशिके हे फरकही पर्याय म्हणून शोधात घालतात आणि मग पर्यायांची संख्या उगाच दुप्पट-चौपट होते.

मग दुसरा ढीगही असाच धुऊन का टाकू नये? सगळे ळ ल करा, सगळे दीर्घ ऱ्हस्व करा, ण न करा, आणि उरेल ते जुळवा. मोठ्या यादीवर, लाखांच्या घरात, मीही तिथूनच सुरुवात करेन. पण इथे काळे आणि काले एकाच पिशवीत पडतात, आणि दोन्ही आडनावांची माणसं त्याच गावात आहेत. शिवाय ताईंना जवळचं नाव वर आणि लांबचं खाली असं हवं होतं. धुतलेल्या नावातून जवळ-लांब कळत नाही. म्हणून दुसऱ्या ढिगासाठी नावाची शक्य ती सगळी रूपं तयार करून ती यादीत शोधायची असं ठरलं.

छोट्या नावावर

'पाटील' घेऊ. कॉम्प्युटरला हे पाच तुकड्यांत दिसतं: प, काना, ट, दीर्घ वेलांटी, ल. आपले नियम असे: ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी अदलाबदल, ऱ्हस्व-दीर्घ उकार अदलाबदल, श-ष, ण-न, ल-ळ. पाटीलमध्ये दोनच जागी पर्याय निघतात, वेलांटी आणि ल. रूपं चार: पाटील, पाटीळ, पाटिल, पाटिळ.

दोन जागांसाठी दोन लूप (प्रत्येक पर्यायासाठी तेच काम पुन्हा करणारा कोड) एकात एक लिहिता येतील. पण पुढचं नाव आलं की पर्यायाच्या जागा सात, त्याच्या पुढच्याला बारा. किती लूप लागणार हे नाव हातात आल्याशिवाय कळतच नाही, आणि इथेच रिकर्शन कामाला येतं. फंक्शनने फक्त एका जागेचा विचार करायचा: या जागेसाठी एक पर्याय निवड, उरलेल्या नावासाठी स्वतःलाच बोलाव.

फंक्शन जोड(जागा, आतापर्यंत):
  जर जागा == नावाची लांबी:
    यादीत टाक(आतापर्यंत)
    परत फिर
  पर्याय[जागा] मधल्या प्रत्येक तुकड्यासाठी:
    जोड(जागा + १, आतापर्यंत + तुकडा)

सुरुवात जोड(०, "") अशी. नाव संपलं की तयार रूप यादीत टाकून परत, हा बेस केस. पाटीलवर चालवलं तर प आणि काना आणि ट यांच्यातून सरळ खाली जातं, वेलांटीवर दोन फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीला ल वर पुन्हा दोन. आधी 'पाटी'ची पूर्ण फांदी संपते, दोन रूपं यादीत पडतात, मग फंक्शन मागे वेलांटीपाशी येऊन 'पाटि' धरतं.

आमच्या टीममधल्या एका मुलाने याची दुसरी आवृत्ती लिहिली होती. स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) दरवेळी नवी बनवण्याऐवजी त्याने एकच लिस्ट धरली, खाली जाताना तिच्यात तुकडा घालायचा, वर येताना काढायचा. तत्त्व एकदम बरोबर, मेमरीही कमी लागते. पण बेस केसमध्ये त्याने ती लिस्ट तशीच निकालात टाकली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्याने लिस्टची प्रत जात नाही, त्याच लिस्टचा पत्ता जातो. शेवटी निकालात अपेक्षेएवढ्याच ओळी, आणि प्रत्येक ओळ रिकामी, कारण परत येताना सगळे तुकडे काढून झालेले होते. ओळींची संख्या बरोबर येत असल्याने हा दोष टेस्टमध्येही निसटू शकतो. उपाय एका शब्दाचा, टाकताना तुकडे जोडून स्ट्रिंग करायची.

मोठ्या नावावर

आता पूर्ण नाव, उदाहरणापुरतं बनवलेलं: सुनील विष्णू कुळकर्णी. स्पेस काढल्यावर एकोणीस तुकडे. नुसतं 'कुळकर्णी' वाचताना आपण चार अक्षरं मोजतो, कॉम्प्युटर आठ मोजतो. पर्यायाच्या जागा अशा: सुनीलमध्ये उकार, न, वेलांटी, ल. विष्णूमध्ये वेलांटी, ष, ण, उकार. कुळकर्णीमध्ये उकार, ळ, ण, वेलांटी. प्रत्येक शब्दात चार, एकूण बारा, प्रत्येक जागी दोन पर्याय. दोनाचा बारावा घात म्हणजे ४०९६ रूपं.

ही मांडणी आपल्याकडे फार जुनी आहे. छंदांचा प्राचीन अभ्यासक पिंगल याच्या छंदःशास्त्रातला प्रस्तार हाच: प्रत्येक जागी लघू किंवा गुरू, आणि सगळ्या शक्य ओळी क्रमाने मांडायच्या. त्यातच 'नष्ट' नावाची रीत आहे, मधल्या ओळी न मांडता अमुक क्रमांकाची ओळ थेट काढायची. प्रोग्रॅमरच्या भाषेत तिचा अर्थ असा की, ० ते ४०९५ साधा लूप फिरवा, प्रत्येक आकड्याचं बायनरी रूप काढा, शून्य असेल तिथे मूळ तुकडा आणि एक असेल तिथे बदललेला. रिकर्शन नको. नुसती सगळी रूपं हवी असतील तर हे उत्तम आहे, आणि पायथनच्या इटरटूल्समधलं प्रॉडक्ट फंक्शनही हेच काम एका ओळीत करून देतं. ज्याला यादीच हवी आहे त्याने रिकर्शन लिहायच्या फंदात पडू नये.

आम्हाला यादी नको होती, कारण ४०९६मधली जवळजवळ सगळी रूपं निरर्थक आहेत. 'सूणिळवीश्नु' असं नाव कोणी कधी लिहिलेलं नाही. यादीतलं एकही नाव 'सू'ने सुरू होत नसेल, तर ते दुसऱ्याच तुकड्यावर कळतं. तरीही साधा लूप त्याखालची २०४८ रूपं पूर्ण बनवून, एकेक शोधून, एकेक टाकून देतो. रिकर्शनला मात्र ती फांदी तिथल्या तिथे तोडता येते. आमच्या प्रकरणात रिकर्शन वापरायचं खरं कारण एवढंच.

नोंदीतली सगळी नावं क्रमाने लावून ठेवली. एखाद्या सुरुवातीचं नाव आहे का हे पाहायला बायनरी सर्च, म्हणजे दरवेळी यादी मधोमध दुभागत जाणारा शोध, पुरतो: ती सुरुवात जिथे बसेल त्या जागी असलेलं नाव तिनेच सुरू होतं का, एवढंच बघायचं. याला ट्राय (सुरुवातीच्या अक्षरांप्रमाणे फांद्या असलेली रचना) वगैरे लागत नाही. काही हजार नावांसाठी क्रमवार लिस्ट भरपूर झाली.

किंमत लावली

फांद्या तोडल्या तरी एक त्रास राहिला. ल चा ळ हा नियम कुलकर्णीसाठी हवाच, पण तोच पाटीलचा पाटीळ करतो. उलट ळ चा ल हा रोजचा प्रकार, कारण टाइप करणाऱ्याला कीबोर्डवर ळ सापडला नाही की ल वर भागतं. दोन दिशांना समान वागवणं चूक होतं. म्हणून प्रत्येक नियमाला किंमत लावली. ऱ्हस्व-दीर्घ, श-ष, ळ चा ल, ण चा न यांना १. उलट दिशेला, म्हणजे ल चा ळ आणि न चा ण यांना २. एका नावात बदलांवर खर्चायला एकूण शिल्लक ३.

फंक्शन शोध(जागा, आतापर्यंत, शिल्लक):
  जर "आतापर्यंत"ने सुरू होणारं नाव यादीत नसेल:
    परत फिर
  जर जागा == नावाची लांबी:
    जर "आतापर्यंत" हेच पूर्ण नाव यादीत असेल:
      निकालात टाक(आतापर्यंत, ३ - शिल्लक)
    परत फिर
  शोध(जागा + १, आतापर्यंत + मूळ तुकडा, शिल्लक)
  इथे लागू पडणाऱ्या प्रत्येक नियमासाठी:
    जर नियमाची किंमत <= शिल्लक:
      शोध(जागा + जुन्या रूपाची लांबी,
          आतापर्यंत + नवं रूप,
          शिल्लक - नियमाची किंमत)

आता आकडा मोजू. बारा जागांपैकी दोन महाग आहेत, सुनीलमधले न आणि ल. बाकी दहा एकेक किमतीच्या. महाग नियम न वापरता जास्तीत जास्त तीन बदल: एकही नाही १, एक बदल १०, दोन ४५, तीन १२०, मिळून १७६. एक महाग नियम वापरला तर उरलेल्या एकात शून्य किंवा एक बदल, म्हणजे ११, आणि महाग जागा दोन म्हणून २२. दोन्ही महाग घेतले तर चार लागतात, ते बसत नाही. एकूण १९८. यादीकडे न पाहता नुसत्या किमतीनेच ४०९६चे १९८ झाले. 'अशा सुरुवातीचं नाव आहे का' या तपासणीत त्यातल्याही बहुतेक फांद्या कोवळ्या असतानाच मोडतात.

नावांचा क्रमही बदलतो. रजिस्टरात आडनाव आधी, मोबाइलच्या फॉर्मवर शेवटी. तीन शब्दांचे सहा क्रम होतात, पण वडिलांचं नाव स्वतःच्या नावामागोमागच लिहितात. दोनच क्रम घेतले आणि फंक्शन बाहेरून दोनदा बोलावलं. क्रमपालटाचं गणित किती लवकर हाताबाहेर जातं हे देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रकाराने तेराव्या शतकातच मांडून ठेवलं आहे, सात स्वरांचे ५०४०. सहाच्या जागी दोन घेणं हा ताईंच्या अनुभवाचा भाग, कोडचा नव्हे.

जागा + १ का नाही

वरच्या कोडमध्ये नियम लावताना जागा एकने वाढत नाही, जुन्या रूपाच्या लांबीने वाढते. 'शिन्दे'मुळे हे करावं लागलं. 'न्' म्हणजे न आणि हलन्त, हे दोन तुकडे मिळून एक अनुस्वार होतात. त्याच जागी नुसत्या न ला 'न चा ण' हाही नियम लागू पडतो. एकाच ठिकाणी दोन नियम, एक तुकडा खाणारा, दुसरा दोन तुकडे खाणारा. ठरावीक जागा आणि ठरावीक पर्याय असा तक्ता इथे मांडताच येत नाही, त्यामुळे प्रॉडक्टही चालत नाही आणि नष्टही नाही. रिकर्शनला काहीच फरक पडत नाही, ते जिथे उभं आहे तिथून पुढचं उरलेलं नाव बघतं.

याचा जोडपरिणाम म्हणजे पुनरुक्ती. पुढे ताईंनी सुचवलं म्हणून 'ष्ण चा श्न' असा एकत्र नियम १ किमतीला घातला, कारण लिहिणारा विष्णूचा विश्नू करतो तेव्हा ष आणि ण एकदमच बदलतो. आता 'विश्नू' दोन वाटांनी तयार होतं, एकीने १ आणि दुसरीने २ किंमत पडून. निकाल डिक्शनरीत, म्हणजे नावासमोर किंमत अशा तक्त्यात, ठेवून प्रत्येक नावाला सर्वांत कमी किंमत लावली.

रिकामी ओळ

नियमांची यादी कोडमध्ये न ठेवता एक्सेलमध्ये ठेवली होती: जुनं रूप, नवं रूप, किंमत. नवा फरक दिसला की ताईंनी ओळ घालायची, आमची गरज नको. एके दिवशी शोध बंद पडला आणि लॉगमध्ये रिकर्शनची मर्यादा ओलांडल्याचा मेसेज. पायथन साधारण १००० पातळ्यांवर थांबवतो. आपलं नाव एकोणीस तुकड्यांचं, म्हणजे वीसेक पातळ्या. हजार कुठून आल्या?

फाइलच्या शेवटी एक ओळ रिकामी राहिली होती. वाचणाऱ्या कोडने तिचा नियम केला: रिकाम्याचं रिकामं, किंमत ०. कुठलीही स्ट्रिंग रिकाम्या स्ट्रिंगने 'सुरू' होतेच, त्यामुळे नियम प्रत्येक जागी लागू. तो लावल्यावर जागा शून्याने पुढे, आतापर्यंतचं रूप आहे तसंच, शिल्लकही आहे तशीच. फंक्शन त्याच प्रश्नासाठी स्वतःला पुन्हा पुन्हा बोलावत राहिलं. बेस केस कोडमध्ये होता, पण या नियमाची वाट तिथपर्यंत पोहोचतच नव्हती.

मर्यादा वाढवण्याची सूचना आली होती, ती अर्थातच कामाची नव्हती. हजाराऐवजी लाखाव्या पातळीवर पडलं असतं एवढंच. रिकर्शनमध्ये बघायची गोष्ट ही की, प्रत्येक हाकेत काहीतरी घटलं पाहिजे. इथे दोन गोष्टी घटू शकतात, उरलेलं नाव किंवा शिल्लक. प्रत्येक नियमाने निदान एक तरी घटवलीच पाहिजे, अशी तपासणी फाइल वाचतानाच घातली. जुनं रूप रिकामं असेल आणि किंमतही शून्य असेल तर नियम नाकारायचा आणि ओळीचा नंबर दाखवायचा.

पडद्यावर

निकाल किमतीच्या क्रमाने दिसतात. तंतोतंत जुळलेलं वर, मग एकचा फरक, मग दोनचा. बदललेली मात्रा किंवा अक्षर रंगीत, म्हणजे ताईंना सुनील आणि सुनिल यांत नजर शोधावी लागत नाही. शेजारी जन्मतारीख, पत्ता आणि सभासद झाल्याचं वर्ष.

दुबार नोंदी आपोआप एकत्र करण्याची मागणी संचालक मंडळातून आली होती. ती केली नाही. सुनील विष्णू आणि सुनिल विष्णु हे एकाच भावकीतले दोन चुलतभाऊही असू शकतात, आणि इथे नावापाठी ठेवी आहेत. प्रोग्रॅम संशयित जोड्यांची यादी छापतो, रजिस्टर आणि कागदपत्रं बघून जोडायचं काम माणूस सहीनिशी करतो.

जे अजूनही सापडत नाहीत त्यांत मोठा भाग टोपणनावांचा. रजिस्टरात 'बाळासाहेब', आधार कार्डावर 'शिवाजी'. यात अक्षरांचा फरक नाहीच, तेव्हा कितीही फांद्या काढल्या तरी हे जुळणार नाही. त्यासाठी 'उर्फ' नावाचा वेगळा रकाना घातला आहे आणि तो भरण्याचं काम काउंटरवर, सभासद समोर आला की, सुरू आहे.